जुना कागद कितवीत द्यावा

चूक आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल उगाच चांगलं मत व्हायला नको. एटापल्लीच्या पुढे एका लहान गावात मी चौथीतल्या एका मुलीच्या हातात जुना कागद दिला आणि वर्गासमोर मोठ्याने वाच म्हणालो. तो कागद मी स्वतः आधी वाचला नव्हता. वेळ होता, चष्मा नाकावर होता, कागद चार दिवस पिशवीत होता. वाचला नाही, कारण त्यात काही असेल असं मला वाटलंच नाही. आणि ज्या बाईंना वाटलं, त्यांना मी वाचू दिला नाही.

मी साताऱ्याकडच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवतो. शिक्षकांसाठी एक पुस्तिका तयार करायचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि तिच्यातल्या एका प्रश्नावर आमची बैठक अडून बसली होती: मुलांच्या हातात अस्सल ऐतिहासिक कागद कितवीपासून द्यावा? बहुतेकांचं म्हणणं, नववी. त्याआधी गोष्टी सांगाव्यात. मी चौथी म्हणत होतो, आणि जरा चढ्या आवाजात म्हणत होतो. शेवटी एकजण म्हणाले, "मग वर्गात जाऊन बघून या, आणि तुमच्या ओळखीच्या शाळांत नको." म्हणून मार्चमध्ये मी चंद्रपूरची गाडी पकडली.

चंद्रपूर

या शहराभोवतीचा परकोट अजून उभा आहे. आमच्याकडे किल्ला बघायला डोंगर चढावा लागतो. इथे रिक्षा वेशीतून भाजी घेऊन आत जाते आणि वर बघायला कुणाला सवड नसते. मार्चमध्येच ऊन असं की सकाळी नऊला दुकानदार पडदे सोडतात. लॉजच्या टेबलावर बोट फिरवलं तर काळं होई. पोऱ्या म्हणाला, "पुसू नका भाऊ, कोळशाचं गाव आहे. पुसलं का पुन्हा बसते."

इथे मला भास्करराव भेटायचे होते. पोस्टातून निवृत्त झालेले, जुने कागद गोळा करणारे. त्यांच्याकडे कपाट नाही. गठ्ठे जुन्या लुंगीत बांधून पलंगाखाली ठेवलेले. त्यांच्या पत्नीने तर्री घातलेले पोहे समोर ठेवले. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "अजून तं मिरची खालीच आहे."

भास्कररावांना मी माझा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "मी पहिला कागद वाचला तवा शाळेत बी नव्हतो जात. बापाच्या दुकानात गुळाची पुडी बांधाले रद्दी यायची. अक्षर लावत बसायचो. कोनी सांगतलं नाई का तुझं वय नाई म्हणून."

हे ऐकून मी किती खूश झालो ते काय सांगू. त्यांनी पाच-सहा कागदांच्या नकला दिल्या. तलावाच्या पाण्याची वाटणी, एका शाळेची हजेरी, जुन्या जंगल-गुन्ह्यांची काही पानं, ज्यांवर एटापल्लीकडच्या गावांची नावं होती. देताना म्हणाले, "नावं पाहून घेजा. तिकडं गावं लहान." मी तोंडात घास असताना मान हलवली. तेवढंच.

आरमोरी

चंद्रपुराहून इकडे येताना मुलुख हळूहळू धानाचा होत जातो. कापलेल्या धानाची खुंटं, बांधावर मोह, आणि मध्येच चमकणारी बोडी, म्हणजे शेतापुरतं लहान तळं. आमच्याकडे भाकरी नसेल तर जेवलो असं वाटत नाही. इथल्या हायस्कुलातल्या गहाणे सरांच्या घरी मी पोळी मागितली, तेव्हा त्यांच्या आईने काळजीने विचारलं, "तब्येत बरी नाई काय?" मग भात आला, लाखोरीची डाळ आली, झिंग्यांची भाजी आली. तिसऱ्यांदा भात वाढताना त्यांनी विचारणंही सोडून दिलं.

गहाणे सरांच्या नववीच्या वर्गात मी तलावाच्या पाण्याचा कागद वाटला. मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या काळातला, कुणाच्या शेताला कोणत्या दिवशी पाणी, असा. वर्गाने तो शिस्तीत वाचला आणि शिस्तीत खाली ठेवला. मग पहिल्या बाकावरून प्रश्न आला.

"सर, हे परीक्षेले येते काय?"

"नाही," मी म्हणालो.

तिथेच निम्मा वर्ग माझ्या हातून गेला. तास संपता संपता मागून एक मुलगा पुटपुटला, "तलाव खोदला कोनं, ते नाई लिवलं." मी त्याला पुढे बोलावलं तर तो लाजून म्हणाला, "काई नाई सर, असंच." आणि बसला तो बसलाच.

बाहेर आल्यावर गहाणे सर हसत होते. "नववीतल्या पोट्ट्याले प्रश्न पडते, पन तो इचारत नाई. चौथीतलं पोट्टं इचारते, पन त्याले काय इचारायचं आहे ते आपल्याले समजत नाई. आता लिवा पुस्तिका."

मी वहीत लिहिलं: नववी म्हणजे उशीर. खाली दोन रेघा ओढल्या.

अहेरीच्या पुढे

अहेरीला आठवडी बाजार लागला होता. सुकी मासळी, चारोळी, मोहफुलांचे ढीग, आणि पानांच्या दोन्यांत लाल मुंग्या, चटणीसाठी. एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला गोंडी, मध्ये आपली मराठी, आणि भाव सगळ्या भाषांत एकच. मी एका बाईकडून मुंग्यांची चटणी चाखली. आंबट, लिंबासारखी. चेहरा वाकडा झाला नाही म्हणून तिने आणखी दिली, मग झाला.

तिथून पुढे एटापल्लीकडे काळीपिवळी जीप. सूरजागडकडून येणारे लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक, आणि रस्त्याकडेची झाडं पानापानांवर तांबडी. उतरलो तेव्हा माझा पांढरा सदराही तांबडा होता. शेजारचा म्हातारा माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "आता इथलेच वाटता, भाऊ." मला ते फार आवडलं. नंतर त्या वाक्याची लाज वाटावी असं मी वागलो, ते पुढे येईलच.

शाळा दोन खोल्यांची, पुढे पडवी, चौथीपर्यंत. चौथीनंतर मुलं लांबच्या आश्रमशाळेत जातात. काही जातात, काही आठवड्याने परत येतात. शिक्षिका वनिताबाई ब्रह्मपुरीकडच्या, पण माडिया भाषा घरच्यासारखी बोलतात. मला बघताच म्हणाल्या, "लवकर आले सर. पोट्टे अजून मोहावर आहेत."

मार्चमध्ये पहाटे मोह गळतो. तो वेचून झाला की मुलं शाळेत येतात, अंगाला गोडसर वास घेऊन. सरकारी वेळापत्रकात सकाळची शाळा सातची. इथे ती मोह संपला की भरते, आणि बाई वर संध्याकाळची भर घालतात.

पहिल्या दिवशी बाईंनीच एक तास घेतला, तो मी आयुष्यभर विसरणार नाही. मुलांनी घरच्यांची आधार कार्डं आणली होती. बाईंनी सांगितलं, जन्मतारीख बघा. थोड्या वेळाने गलका झाला. सगळ्या आजा-आजींचा जन्म एक जानेवारीचा.

"सारे एकाच दिवशी झाले काय?" एकाने विचारलं.

"माझी आजी म्हणते तिचा जलम भातकापणीतला," दुसरी म्हणाली. ती जुरी. वाचायला वर्गात सगळ्यांत पुढे, आणि ते तिला ठाऊक होतं.

"मंग कार्ड खोटं का आजी खोटी?" बाईंनी विचारलं.

जुरी म्हणाली, "लिवनाऱ्याले माहीत नोतं. त्याले रिकामं ठेवता येत नोतं."

मी खिडकीत बसून हे ऐकत होतो. कागद खरा असतो, पण तो कुणीतरी कुठल्यातरी अडचणीत लिहिलेला असतो, ही गोष्ट मी नववीला महिनाभर शिकवतो. ही नऊ वर्षांची पोर ती पायावर पाय घासत सांगत होती. बैठकीतले चेहरे माझ्या डोळ्यांसमोर आले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मुलांपेक्षा ते चेहरे जास्त दिसत होते.

दुसऱ्या दिवशी मी जंगल-गुन्ह्यांचं पान काढलं.

"मले आधी पाहू द्या," बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "नको बाई. तुम्हीही पहिल्यांदाच ऐका. ताजं वाचन हवं, त्यातच गंमत आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण मी पाहुणा म्हणून आग्रह धरला नाही. मी पान जुरीला दिलं. तिने उभं राहून, बोट ठेवत, खणखणीत वाचलं: "कन्ना वल्द डोलू, कौम माडिया. सरकारी जंगलातून बांबू चोरून नेताना मिळाला. कुऱ्हाड जप्त केली." आणि गावाचं नाव. आम्ही बसलो होतो तेच गाव.

'वल्द' म्हणजे 'चा मुलगा', 'कौम' म्हणजे जमात, हे मी उत्साहाने समजावलं. तोवर वर्गात कुजबुज सुरू झाली होती. कुणीतरी माडियात काही बोललं, दोघे-तिघे हसले, आणि एकजण मराठीत म्हणाला, बहुधा माझ्यासाठीच, "कन्ना चोर." जुरी कागद हातात धरून तशीच उभी. मग तिने तो बाकावर उलटा ठेवला आणि बाहेर निघून गेली. मला वाटलं पाणी प्यायला गेली.

कन्ना तिचे पणजोबा होते. हे कळल्यावर मला वाईट वाटलं, पण माझ्या मनात पुढचा विचार काय आला तोही सांगतो: पणजोबा कधीच गेले, जुनी गोष्ट आहे, चार दिवसांत विसरेल.

खरी गोष्ट बाईंनी वर्ग सुटल्यावर सांगितली. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"सर, इथी मेलेला मानूस जात नाई. घरातच परत येते. जुरीचा लहान भाऊ झाला, तवा आज्यानं वळखलं का आपला बाप आला. म्हणून त्याचं नाव कन्ना ठेवलं. तीन वर्षांचा आहे. मोठे लोक त्याले आज्यासारखंच बोलते. तुम्ही कोन्या जुन्या मानसाले चोर नाई म्हटलं. त्या पोराले म्हटलं."

मी बाकावर उलटा पडलेला कागद उचलला.

"आता आज्यानं जुरीले शाळेत नाई पाठवलं, तं मी कोन्या तोंडानं मागू? चौथी झाली का आश्रमशाळेत जायची होती ती. तुम्ही जाल परत साताऱ्याले. मले इथी राहायचं आहे."

दुसऱ्या दिवशी जुरी आली नाही. मोहाच्या झाडाखाली मुलं लहान कन्नाला "चोर, चोर" म्हणत होती आणि तोही त्यांच्याबरोबर हसत टाळ्या वाजवत होता, असं बाईंना समजलं.

जुरीच्या घरी

आम्ही दोघं गेलो. अंगण शेणाने सारवलेलं, एका बाजूला चटईवर मोह वाळत घातलेला. जुरीचे आजोबा, मालूआजा, बांबूच्या कामट्या काढत बसले होते. जुरी आत होती. दाराशी एक उघडा पोर मोहफूल चोखत उभा होता आणि माझ्याकडे टक लावून बघत होता.

मी बोलायला लागलो तर आजाने हात वर केला. "कागद आना."

मी दिला. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने जुरीला हाक मारली. ती आली, माझ्याकडे न बघता तिने पुन्हा वाचलं, या वेळी हळू. आजाने सगळं ऐकलं. मग विचारलं, "लिवनाऱ्याचं नाव वाच."

जुरीने खाली शोधलं. एक वेडीवाकडी सही, अक्षर लागत नव्हतं.

"त्याचं नाव नाई?" आजा म्हणाला. "आमचं मातर बापासकट."

बाई हसल्या. मला हसायचा धीर झाला नाही. मी म्हणालो, "आजा, माझी चूक झाली. मी कागद वाचून बघायला हवा होता."

"मले काऊन सांगता? मले कोनं चोर म्हटलं?" त्याने कामटी बाजूला ठेवली. "जिथी वाचलं तिथी सांगा. ज्याले म्हटलं त्याले सांगा. मंग जुरीचं पाहू."

ज्याला म्हटलं तो दारात मोहफूल चोखत होता. मला समजायला थोडा वेळ लागला. वनिताबाईंना लगेच समजलं. त्या हळूच म्हणाल्या, "उद्या मोह झाल्यावर आना आजा. दोघायले."

साताऱ्याला परत आल्यावर मी पुस्तिकेत काय लिहिलं ते इथेच सांगतो. मी चौथीच लिहिली. पण जो विजय मला हवा होता तो त्यात नव्हता. मी लिहिलं की शिक्षकाने कागद आधी त्याच गावातल्या कुणाबरोबर तरी वाचावा. आणि वय ठरवताना फक्त मुलाचं बघू नये, कागदातल्या माणसाला ओळखणारं घरात कुणी जिवंत आहे का तेही बघावं. जुरी नववीत जाईल तेव्हा मालूआजा असेल का, ठाऊक नाही. तो नसेल तर तो कागद एकटाच बोलेल आणि त्याला उलट विचारणारं कुणी नसेल. बैठकीत एकाने विचारलं, शहरातल्या मुलांचं काय, ज्यांचे आजोबा गावी आणि कागद भलत्याच गावचे? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तेही मी लिहून ठेवलं आहे.

पुन्हा वर्गात

मोह वेचून झाल्यावर आजा आला. एका हाताला जुरी, कडेवर कन्ना. वर्गातल्या मुलांना कळलं होतं काहीतरी होणार आहे, म्हणून सगळी न सांगता हजर. आजा खुर्चीवर बसला नाही. भिंतीला टेकून जमिनीवर बसला आणि स्वतःच बोलायला लागला, थोडं माडियात, थोडं मराठीत. माडियातलं बाई मला सांगत होत्या.

"बांबू नेला हे खरं आहे," तो म्हणाला. "घराचा कूड पडला होता. त्याच्या आधीच्या साली साहेब येनार म्हणून मांडव होता, तवा साऱ्या गावाले बोलावून त्याच डोंगरावरून बांबू तोडाले लावला. फुकट."

"तोच डोंगर?" एका मुलाने विचारलं.

"तोच."

"मंग तवा चोरी नोती?"

"तवा काम होतं."

मुलं विचारात पडली. कुणीतरी विचारलं, जंगल सरकारी आहे हे कळायला तिथे पाटी होती का. कुणी विचारलं, कुऱ्हाड परत मिळाली का. नाही मिळाली. बापाने एक पावसाळा शेजाऱ्याच्या कुऱ्हाडीवर काढला. मग जुरी, जी तोवर गप्प होती, म्हणाली, "आजा, तुले कसं माहीत? तू तं लहान होता."

"बांबूचं दुसरं टोक माझ्या खांद्यावर होतं."

"मंग कागदात तुझं नाव काऊन नाई?"

आजाने खाली बघितलं. "मी पळालो."

सगळी मुलं हसली. आजाही हसला, बोळक्या तोंडाने. कन्ना सगळे हसतात म्हणून हसला. पण आजाचे डोळे हसत नव्हते. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नसावी, असं बाई मला नंतर म्हणाल्या. मला वाटतं माझ्याआधी त्याने स्वतःच्या पळण्याची माफी त्या पोराकडे मागून घेतली.

मग त्याने कन्नाला माझ्यासमोर उभं केलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी जमिनीवर बसलो, म्हणजे आमचे डोळे समोरासमोर आले. त्याच्या हनुवटीवर मोहाचा रस वाळला होता. आमच्याकडे तीन वर्षांच्या मुलाला कुणी 'तुम्ही' म्हणत नाही. मी रात्री वाक्यं ठरवून आलो होतो, त्यातलं एकही आठवलं नाही. मी सावकाश, बाईंना सांगता येईल इतपत थांबत थांबत बोललो, आणि बाई पुढे व्हायच्या आत जुरीनेच माझं एकेक वाक्य माडियात सांगायला सुरुवात केली.

"कन्नाबाबा, परवा या खोलीत तुमचं नाव चोर म्हणून वाचलं गेलं. वाचलं जुरीने, पण वाचायला मी लावलं. तुम्हाला न विचारता लावलं. तुम्ही घराचा कूड बांधायला बांबू नेला होता, हे मला ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असंही मला वाटलं नाही. या मुलांनी तुम्हाला चोर म्हटलं, ते माझ्यामुळे. चूक माझी आहे. मला माफ करा."

जुरीने शेवटचं वाक्य सांगितलं आणि ती थांबली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता मले सांगा."

मी तिलाही सांगितलं.